उभ्या विमानांना जमिनीवरील वाहनांची धडक

उभ्या विमानांना जमिनीवरील वाहनांची धडक हा विमानतळांवर वारंवार घडणारा अपघातप्रकार आहे. विमान थांबलेले असताना सामान चढवणारी यंत्रे, ट्रॅक्टर, शिडीच्या गाड्या, खानपानाच्या गाड्या, इंधनाचे टँकर किंवा प्रवासी बस विमानाच्या एखाद्या भागावर आदळणे याचा त्यात समावेश होतो. अशा धडकेत जीवितहानी क्वचितच होते; मात्र विमानाच्या रचनेला पोहोचलेली इजा लक्षात आली नाही, तर पुढील उड्डाण धोक्यात येऊ शकते. म्हणून धडक टाळण्याइतकेच धडकेची खबर तत्काळ देणेही विमान सुरक्षेत महत्त्वाचे मानले जाते.

व्याप्ती

विमानतळावर विमाने उभी करण्याच्या फरसबंद पटांगणाला एप्रन म्हणतात. प्रवाशांची चढउतार, सामानाची ने-आण, इंधन भरणे, स्वच्छता आणि किरकोळ दुरुस्ती ही सर्व कामे एप्रनवर होतात. त्यासाठी लागणाऱ्या वाहनांना व यंत्रांना एकत्रितपणे जमिनीवरील सेवासामग्री म्हटले जाते. धावपट्टीवर वेगात असलेल्या विमानाची वाहनाशी होणारी टक्कर हा निराळा आणि अधिक घातक प्रकार आहे. १८ नोव्हेंबर २०२२ रोजी पेरूमधील लिमा येथे उड्डाणासाठी धावणारे विमान अग्निशमन वाहनावर आदळून अग्निशमन दलाच्या जवानांचा मृत्यू झाला. त्या प्रकाराचा विचार धावपट्टीवरील अतिक्रमण या विषयात केला जातो.

आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेच्या तेराव्या परिशिष्टातील व्याख्येनुसार, उड्डाणाच्या हेतूने पहिली व्यक्ती विमानात चढल्यापासून शेवटची व्यक्ती उतरेपर्यंतच्या काळात घडलेल्या घटनेलाच विमान अपघात म्हणतात. त्यामुळे रिकाम्या, उभ्या विमानाला बसलेली धडक कितीही मोठी असली, तरी या व्याख्येत बसत नाही. अशा घटनांची आकडेवारी अपघातांच्या अधिकृत कोष्टकांत पूर्णपणे न दिसण्याचे हे एक कारण आहे. फ्लाइट सेफ्टी फाउंडेशन या संस्थेने जगभरात एप्रनवर दरवर्षी सुमारे २७,००० लहानमोठे अपघात होतात, म्हणजे दर १,००० उड्डाणांमागे साधारण एक, असा अंदाज वर्तवला होता. या संख्येत वाहनांच्या धडकेखेरीज इतर अपघातही येतात.

कारणे

एप्रनवरील काम वेळेशी बांधलेले असते. लहान पल्ल्याचे विमान उतरल्यापासून पुन्हा निघेपर्यंत अनेकदा अर्धा ते पाऊण तासच मिळतो. तेवढ्या वेळात अनेक वाहने एकाच विमानाभोवती येतात. विमानाला उशीर झालेला असेल, तर हा ताण अधिक वाढतो. रात्रपाळी, अपुरी झोप, पाऊस, धुके आणि अपुरा प्रकाश यांमुळे चालकाचा अंदाज चुकण्याची शक्यता असते. ब्रेक निकामी होणे, वाहन गिअरमध्ये ठेवून खाली उतरणे, वाहनाचे टप पंखाखालून जाईल की नाही याचा चुकीचा अंदाज आणि मार्गदर्शकाविना गाडी मागे घेणे हीसुद्धा कारणे आढळतात.

काही वाहनांना विमानाला जवळजवळ टेकूनच उभे राहावे लागते. सामानाचा सरकता पट्टा मालकक्षाच्या दारापर्यंत न्यावा लागतो. शिडी आणि खानपानाची गाडी प्रवासी दाराशी लावावी लागते. येथे काही सेंटीमीटरची चूकही विमानाला भोवते. आंतरराष्ट्रीय हवाई वाहतूक संघाच्या, म्हणजेच आयाटाच्या, २०२२ मधील अहवालानुसार सरकत्या पट्ट्याच्या गाड्या, माल चढवणारी यंत्रे, प्रवासी शिड्या आणि विमानाला जोडले जाणारे प्रवासी पूल यांच्यामुळे एकूण घटनांपैकी सुमारे ४० टक्के घटना घडतात.

हानीचे स्वरूप

प्रवासी विमानाचे बाह्य आवरण दिसते तेवढे जाड नसते. अॅल्युमिनियमच्या विमानात ते अनेक ठिकाणी साधारण १ ते २ मिलिमीटर जाडीचेच असते आणि आतील आडव्या-उभ्या पट्ट्यांच्या सांगाड्यामुळे त्याला बळकटी मिळते. उंचावर बाहेरची हवा विरळ असल्याने प्रवासी कक्षातील हवेचा दाब कृत्रिमरीत्या वाढवलेला असतो. आतील आणि बाहेरील दाबांतील फरकामुळे आवरणाच्या प्रत्येक चौरस मीटरवर आतून सुमारे साडेपाच टन वजनाइतका जोर पडतो. प्रत्येक उड्डाणात हा ताण एकदा चढतो आणि एकदा उतरतो. धडकेने आवरणावर पडलेला चरा किंवा पोचा अशा वेळी दुबळी जागा ठरतो. जमिनीवर निरुपद्रवी वाटणारी घडी उंचावर गेल्यावर फाटू शकते.

संमिश्र पदार्थांच्या विमानांमध्ये हा प्रश्न वेगळे रूप घेतो. बोइंग ७८७ या विमानाच्या रचनेत वजनाने सुमारे ५० टक्के भाग कार्बन तंतू व रेझिन यांपासून केलेल्या संमिश्र पदार्थांचा असतो. अॅल्युमिनियमवर धडक बसली, की सहसा पोचा दिसतो. संमिश्र पदार्थ मात्र वाकून पुन्हा मूळ आकारात येतो आणि आतील थर सुटे झालेले किंवा आतील आधार तडकलेले असूनही बाहेरून खूण दिसेलच असे नसते. रबरी कडा असलेल्या जड वाहनाची विस्तृत भागावर बसलेली बोथट धडक या दृष्टीने विशेष फसवी असते. अशी हानी शोधण्यासाठी ध्वन्यातीत लहरींची तपासणी वापरली जाते. मात्र धडक कोठे बसली हे ठाऊक असल्याशिवाय ती तपासणी नेमकी कोठे करायची, हे कळत नाही. त्यामुळे या विमानांच्या बाबतीत वाहनचालकाने दिलेली माहिती हा तपासणीचा प्रमुख आधार ठरतो.

आर्थिक नुकसानही मोठे असते. दुरुस्तीच्या खर्चापेक्षा विमान सेवेबाहेर राहणे, उड्डाणे रद्द होणे आणि प्रवाशांची पर्यायी व्यवस्था यांचा खर्च अनेकदा जास्त होतो. उपाययोजना न केल्यास जमिनीवरील हानीचा जागतिक वार्षिक खर्च २०३५ पर्यंत सुमारे १० अब्ज अमेरिकी डॉलरवर जाऊ शकेल, असा अंदाज आयाटाच्या उपर्युक्त अहवालात व्यक्त केला आहे.

उल्लेखनीय घटना

सिॲटल, २००५ : २६ डिसेंबर २००५ रोजी अलास्का एअरलाइन्सचे एमडी-८३ जातीचे विमान, उड्डाण क्रमांक ५३६, अमेरिकेतील सिॲटलहून बरबँककडे निघाले. सुमारे २६,००० फूट उंचीवर कक्षातील दाब एकाएकी घटला. वैमानिकांनी विमान तातडीने खाली आणून सिॲटलला सुखरूप उतरवले. विमानाच्या अंगाला सुमारे ३० सेंटीमीटर लांबीचे भोक पडलेले आढळले. निघण्यापूर्वी सामान हाताळणीच्या वाहनाचा विमानाला धक्का लागला होता, परंतु संबंधित कर्मचाऱ्याने ते त्या वेळी कोणालाही सांगितले नव्हते; विमान परतल्यानंतर त्याने ते मान्य केले. न कळवलेल्या धडकेचे उदाहरण म्हणून या घटनेचा दाखला दिला जातो.

कोलकाता, २०१५ : २२ डिसेंबर २०१५ रोजी पहाटे नेताजी सुभाषचंद्र बोस आंतरराष्ट्रीय विमानतळावर जेट एअरवेजची प्रवासी बस एअर इंडियाच्या उभ्या एटीआर विमानाला धडकली. बसमध्ये व विमानात प्रवासी नव्हते. विमानाचे मोठे नुकसान झाले.

बंगळूर, २०२५ : १८ एप्रिल २०२५ रोजी केंपेगौडा आंतरराष्ट्रीय विमानतळावर एका सेवासंस्थेची छोटी प्रवासी गाडी इंडिगोच्या उभ्या एअरबस ए३२० विमानाच्या पुढील भागाखाली घुसली. गाडीचे टप चेपले. हे विमान इंजिनाच्या दुरुस्तीच्या प्रतीक्षेत उभे होते.

मुंबई, २०२५ : १४ जुलै २०२५ रोजी छत्रपती शिवाजी महाराज आंतरराष्ट्रीय विमानतळावर मालवाहू ट्रक अकासा एअरच्या उभ्या विमानाच्या पंखाला धडकला. हे विमान बंगळूरहून आले होते.

प्रतिबंध

धडक टाळण्याचे मूलभूत नियम साधे आहेत. विमानाची इंजिने बंद होऊन, टक्करसूचक लाल दिवा विझून आणि चाकांना अडवणारे ठोकळे लागल्याखेरीज कोणतेही वाहन विमानाजवळ न्यायचे नसते. विमानाभोवती आखलेल्या सुरक्षा रेषेच्या अलीकडे वाहन पूर्ण थांबवून ब्रेक तपासावा लागतो. त्यापुढे माणसाच्या चालीइतकाच वेग ठेवावा लागतो. मागे येताना मार्गदर्शक आवश्यक असतो. वाहन विमानाखाली नेण्यास सर्वसाधारणपणे मनाई असते. भारतात एप्रनवर वाहन चालवण्यासाठी नेहमीच्या परवान्याखेरीज विमानतळाचा स्वतंत्र परवाना लागतो.

नव्या यंत्रांत अंतर मोजणारे संवेदक बसवलेले असतात. विमान ठरावीक अंतरावर आले, की यंत्राचा वेग आपोआप कमी होतो आणि शेवटी ते थांबते. अशा सुधारित यंत्रांचा सर्वत्र वापर झाल्यास दर फेरीमागील हानीचा खर्च सुमारे ४२ टक्क्यांनी घटू शकेल, असे आयाटाचा अहवाल सांगतो.

खबर देण्याचे महत्त्व

धडक लपवण्यामागे बहुधा नोकरी जाण्याची किंवा दंडाची भीती असते. एप्रनवरील पुष्कळ कर्मचारी कंत्राटी असतात आणि विमानाच्या दुरुस्तीचा खर्च त्यांच्या आवाक्यापलीकडचा असतो. केवळ शिक्षेवर भर दिला, तर पुढच्या वेळी धक्का लागलेला माणूस गप्प राहण्याचा संभव वाढतो. हे ध्यानात घेऊन विमान वाहतुकीत न्याय्य संस्कृती ही संकल्पना स्वीकारली गेली आहे. तीनुसार अनवधानाने झालेली चूक स्वतःहून सांगणाऱ्यास शिक्षा न करता तिची कारणे शोधली जातात. हेतुपुरस्सर नियमभंग, नशेत वाहन चालवणे किंवा घडलेली गोष्ट दडवणे यांना मात्र हे संरक्षण मिळत नाही.

खबर मिळताच विमान थांबवले जाते आणि अधिकृत विमान अभियंत्याने तपासून लेखी मंजुरी दिल्यावरच ते पुन्हा उड्डाणास मोकळे होते. या तपासणीत काही तास जातात आणि उड्डाणाला विलंब होतो. धक्का किरकोळ होता की गंभीर, हे ठरवण्याचा अधिकार वाहनचालकाला किंवा मुकादमाला नसतो.