चाकांवरचे घर आणि त्यातला जुना फ्रिज

अमेरिकेत गाडीतच संसार थाटून राहणारी माणसे आहेत. तिकडे या गाडीला ‘मोटरहोम’ म्हणतात. लहान बसएवढी गाडी आणि तिच्यातच ओटा, पलंग, न्हाणी, संडास आणि फ्रिज. सुट्टीत हौसेने हिंडणारे सुखवस्तू लोक ही गाडी घेतात, हे खरे. पण २००८ च्या मंदीत ज्यांची घरे गेली, ज्यांना भाडे परवडत नाही, ज्यांचे पेन्शन तुटपुंजे आहे, अशा कष्टकऱ्यांचेही हेच घर झाले. जेसिका ब्रुडर यांनी २०१७ साली ‘नोमॅडलँड’ हे पुस्तक त्यांच्यावरच लिहिले आणि त्यावरील चित्रपटाला २०२१ साली ऑस्कर मिळाले. ही माणसे शरद ऋतूत नॉर्थ डाकोटा आणि मिनेसोटाकडे बीटाच्या हंगामाला जातात, नाताळच्या आधी गोदामांत माल भरतात, उन्हाळ्यात तंबूंच्या मैदानांवर झाडलोट करतात. आमच्या बीडचा ऊसतोड कामगार संसार गाडीत घालून कारखान्याच्या मागे जातो, त्याचीच ही तिकडची जात. योगायोग असा की दोघांच्याही घामातून साखरच निघते.

अशा घरातला फ्रिज बंद पडला तर काय होते, याचा विचार गृहिणींना सांगायला नको. स्वस्त दुकान पन्नास मैलांवर, म्हणून आठवड्याचे सामान एकदम भरलेले. मुलांचे दूध त्यातच. घरात मधुमेहाचा रोगी असेल तर न फोडलेले इन्सुलिन २ ते ८ अंशांत ठेवावे लागते. आपल्या चाळीत निदान शेजारणीच्या फ्रिजमध्ये डबा ठेवता येतो. रानात उभ्या केलेल्या गाडीला शेजार कुठला?

पण बाजारात जाऊन तेवढ्याच मापाचा दुसरा आणला, इतके हे काम सोपे नाही. मोटरहोममधला जुना फ्रिज आपल्या घरातल्यासारखा नसतो. त्यात मोटरही नाही आणि कॉम्प्रेसरही नाही. तो चालतो ज्योतीवर! विस्तवावर बर्फ होतो म्हटले तर कोणीही हसेल, पण स्टॉकहोमच्या तंत्रशाळेत शिकणाऱ्या प्लाटेन आणि मुंटर्स या दोन विद्यार्थ्यांनी १९२२ साली हेच करून दाखवले. फ्रिजच्या मागच्या नळ्यांत पाणी, अमोनिया आणि हायड्रोजन कायमचे बंद केलेले असतात. खाली गॅसची बारीक ज्योत किंवा विजेची कांडी असते. उष्णतेने अमोनिया पाण्यातून उकळून वर जातो, वर गार होऊन पातळ होतो, मग हायड्रोजनच्या संगतीत त्याची पुन्हा वाफ होते आणि तेव्हा तो फ्रिजमधली उष्णता ओढून घेतो. शेवटी पाण्यात विरघळून तो खाली परत येतो. आवाज बिलकूल नाही. म्हणूनच अनेक मोठ्या हॉटेलांच्या खोल्यांत याच जातीचा छोटा फ्रिज असतो. तिथे साफसफाई करणाऱ्या आपल्या भगिनींना तो गुपचूप फ्रिज ठाऊक असेल.

या फ्रिजमध्ये द्रव ढकलायला पंप नाही, तो आपल्या वजनाने उतरतो. म्हणून गाडी समपातळीत उभी हवी. गवंडी पाणसळ लावतो तशी हे लोक फ्रिजमध्ये लावून पाहतात. गाडी बराच वेळ कलती उभी राहिली आणि ज्योत चालू असली तर खालची नळी नुसती तापत राहते. गंज न लागावा म्हणून आत घातलेले क्रोमेटचे क्षार तिथेच घट्ट बसतात आणि मग त्या नळीतून काही सरकत नाही. मागची झडप उघडल्यावर पिवळी भुकटी दिसली किंवा नाकात झोंबणारा अमोनियाचा वास आला, तर फ्रिज गळतो आहे. ती भुकटी विषारी असते, हात लावू नये. असा फ्रिज ‘आज चालतो, उद्या पाहू’ म्हणून चालवणे अगदी चुकीचे. आत हायड्रोजन आहे आणि शेजारी ज्योत. २००६ साली अमेरिकेत एका मोठ्या उत्पादकाने नऊ लाखांहून अधिक फ्रिज दुरुस्तीसाठी परत बोलावले, कारण तापणाऱ्या नळीला चीर पडून आग लागण्याचा धोका होता. जळणारे घर चाकांवर असले म्हणून त्यातून उडी मारणे सोपे होत नाही, विशेषतः रात्री.

मग नवा कोणता घ्यावा? मी वाणिज्य शाखेचा माणूस, म्हणून जमाखर्चाच्या भाषेत सांगतो. गॅसवरचा फ्रिज दिवसाला साधारण अर्धा किलो गॅस खातो. नऊ किलोचा सिलिंडर पंधरा-वीस दिवस पुरतो. वीज नगण्य लागते. पण कडक उन्हाळ्यात तो धापा टाकतो आणि रिकामा फ्रिज गार व्हायला सारी रात्र जाते. दुसरा पर्याय बॅटरीवर, बारा व्होल्टवर चालणाऱ्या कॉम्प्रेसर फ्रिजचा. तो तास-दोन तासांत गार होतो, कलला तरी कुरकुर करत नाही आणि ज्योत नाही. मध्यम आकाराचा असा फ्रिज चालताना पाच अँपिअर घेतो आणि दिवसाचे दहा-बारा तास चालतो, म्हणजे रोजची उचल पन्नास ते साठ अँपिअर-तास. बॅटरी हे बँकेतले खाते समजा. शंभर अँपिअर-तासांच्या साध्या बॅटरीतून निम्मीच रक्कम काढावी, नाहीतर ती लवकर मरते. म्हणजे पहिल्याच दिवशी खाते संपले. छपरावर दोनशे वॅटचे सौर पॅनेल असेल तर चांगल्या उन्हात तेवढाच भरणा होतो. पावसाळी दिवस आला की तूट.

म्हणून माझे मत असे. जे कुटुंब वीज असलेल्या जागी महिनोन्महिने उभे असते, त्याने खुशाल कॉम्प्रेसरचा घ्यावा. तिथे वीज बहुधा मीटरने मोजून मिळते आणि जुना फ्रिज विजेच्या कांडीवर चालवला तर तो कॉम्प्रेसरच्या दुपटीहून जास्त वीज खातो. सरकारी रानात बहुतेक ठिकाणी चौदा दिवस फुकट राहता येते. तिथे पॅनेलशिवाय राहणाऱ्याने गॅसचाच ठेवावा. अंथरूण पाहून पाय पसरावेत, तसे बॅटरी पाहून फ्रिज! घरगुती साधा फ्रिज स्वस्त पडतो खरा, पण त्याला इन्व्हर्टर लागतो, तो इन्व्हर्टर स्वतःच वीज खातो आणि वळणावर दार उघडून अंडी जमिनीवर येतात ती वेगळीच.

आणखी एक काटकसरीची वाट आहे आणि ती मला फार आवडली. पेटी, दारे, कप्पे धड असतील तर मागचा नळ्यांचा सांगाडाच बदलायचा. हे काम अमेरिकेत आमिश पंथाचे कारागीर करतात. हे लोक घरात सरकारी तारांची वीज घेत नाहीत आणि गॅसचे फ्रिज वापरतात. साहजिकच त्यांचा हात त्यावर बसला. आता ते जुन्या पेटीला कॉम्प्रेसरचा सांगाडाही बसवून देतात.

काढण्याच्या कामात घाई नको. आधी सिलिंडरची चावी बंद, मग बॅटरी आणि वीज सोडवायची, त्यानंतर गॅसची नळी. कॉम्प्रेसरचा फ्रिज बसवायचा असेल तर त्या उघड्या नळीच्या तोंडावर पितळी टोपण आवळून बसवायचे. चिकटपट्टी किंवा बूच चालत नाही. पेटी दारातून निघत नसेल तर दारे उतरवतात, मोठा फ्रिज असेल तर खिडकीच काढावी लागते. जुन्या बारीक तारेवर कॉम्प्रेसर जोडला तर वाटेत व्होल्टेज पडते आणि फ्रिज सारखा बंद पडतो. तार जाड हवी आणि बॅटरीजवळ फ्यूज हवा. नवा फ्रिज गॅसचाच असेल तर मागची आणि छपरावरची हवेची तोंडे मोकळी ठेवायची, पण फ्रिजची फट घरात उघडी राहता कामा नये, नाहीतर जळलेल्या गॅसचा धूर झोपेत आत येतो. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, त्यामुळे धोक्याची घंटा वाजवणारे यंत्र भिंतीवर हवेच. पेट्रोल पंपावर ज्योत विझवायची ती वेगळी.

सर्व जोडून झाले की साबणाचे पाणी सांध्यांवर लावून बुडबुडे येतात का ते पाहतात. मग एक भांडे पाणी आणि थर्मामीटर आत ठेवून रात्रभर दार उघडायचे नाही. सकाळी पारा चार अंशांच्या आसपास असला तरच दूध आणि औषध आत जाते, तेही मागच्या थंड पट्ट्यांपासून दूर, कारण गोठलेले इन्सुलिन टाकूनच द्यावे लागते.