खंड्याचा धाकटा भाऊबंद

तुझं हे पॉमेरेनियनचं पिल्लू मोठं कधी होणार, असं विचारतेस होय? अगं, जातिवंत असेल तर दोन-तीन किलोंवर जायचं नाही ते. पण त्याचे पणजोबा दांडगे होते बरं का! बाल्टिक समुद्राकाठी पॉमेरेनिया नावाचा मुलूख आहे, आज तो पोलंड आणि जर्मनीत वाटला गेलाय. तिथले ते. बर्फात गाड्या ओढणाऱ्या कुत्र्यांशी त्यांचं नातं. कोल्ह्यासारखं तोंड, उभे कान, पाठीवर वळलेली शेपटी, सगळं तिकडचंच.

मग 1888 साली व्हिक्टोरिया राणी इटलीला गेली. फ्लॉरेन्सहून तिनं मार्को नावाचा पॉमेरेनियन आणला, जेमतेम साडेपाच किलोंचा. राणीला आवडला म्हटल्यावर लोक पिढ्यान् पिढ्या लहानातली लहान पिल्लंच निवडत गेले.

आता खरी नवलाची गोष्ट ऐक. माणसानं लहान कुत्री निवडली खरी, पण लहानपण त्यानं घडवलं नाही. अंगाची वाढ ठरवणारं आयजीएफ-1 नावाचं एक जनुक असतं. त्याच्या शेजारी डीएनएच्या एका अक्षराचा फरक पडला की कुत्रं लहान किंवा मोठं होतं. 2022 साली शास्त्रज्ञांनी सैबेरियातल्या 54,000 वर्षांपूर्वीच्या लांडग्याचा डीएनए तपासला, तर लहान चणीचं अक्षर त्यात आधीच हजर! कुत्रा माणसाच्या दारी आला त्याच्या कितीतरी आधी. म्हणजे लहानपण जुनं, मोठेपण नंतरचं. मला तर हे वाचून रात्रभर झोप आली नव्हती.

उद्या तुला संगम माहुलीला नेतो. तिथं कृष्णा-वेण्णेच्या काठी साताऱ्याच्या शाहू महाराजांची समाधी आहे, आणि जवळच त्यांच्या लाडक्या खंड्या कुत्र्याचीही. खंड्यानं वाघापासून महाराजांचा जीव वाचवला, असं सांगतात. तो खंड्या आणि तुझं हे पिल्लू, दोघं एकाच लांडग्याच्या कुळातले.

एक मात्र ऐक. सांगलीचा उन्हाळा कडक. म्हणून कोणी त्याचे केस भादरायला सांगेल, तर ऐकू नकोस. त्याच्या अंगावर केसांचे दोन थर असतात, खाली मऊ लव, वर लांब केस. भादरले तर ते नीट परत येतीलच असं नाही. त्याला घाम आपल्यासारखा सुटत नाही, जीभ बाहेर काढून धापा टाकतच ते थंड होतं. दुपारी सावलीत ठेव, पाणी भरून ठेव. आणि दोरी गळ्याला नको, छातीच्या पट्ट्याला बांध. या जातीची श्वासनलिका नाजूक असते.

बघ, झोपेतही कान हलतायत त्याचे.