तिघांत एक संगणक

सौंसर आणि पांढुर्णा हा संत्र्यांचा मुलूख. बागेत तोड सुरू झाली म्हणजे तेथे कोणी एकटा राबत नाही. एक जण फळे तोडतो, दुसरा त्यांची निवड करतो, तिसरा पेट्या भरतो. कोणते फळ पेटीत घालावे आणि कोणते बाजूस काढावे यावरून कुरबूरही होते. परंतु दिवस मावळताना गाडी भरलेली असते. तीन मुलांनी मिळून अशाच रीतीने बुद्धीचे काम करावे, अशी एक स्पर्धा आज जगात चालते. ती आहे संगणकाच्या आज्ञावलीची, म्हणजे प्रोग्रॅमिंगची. हे नाव ऐकताच आपल्यापैकी पुष्कळ आईबाप म्हणतील, “हे शहरातल्या श्रीमंतांच्या मुलांचे काम. आमच्या घरी संगणक कोठून येणार?” ही समजूत कितपत खरी आहे, हे आज आम्ही वाचकांसमोर मांडणार आहोत.

संगणक पुष्कळ वेगाने काम करतो, परंतु सांगितल्याशिवाय काहीच करीत नाही. काय करावयाचे, कोणत्या क्रमाने करावयाचे आणि कोठे थांबावयाचे, हे सारे त्यास पायरीपायरीने सांगावे लागते. अशा पायऱ्यांची मांडणी म्हणजेच आज्ञावली. स्पर्धेत काही कोडी देण्यात येतात व त्यांची उत्तरे काढणारी आज्ञावली लिहावयाची असते.

महाविद्यालयांच्या संघांची अशी सर्वांत नामांकित स्पर्धा १९७० साली अमेरिकेत टेक्सास ए अँड एम विद्यापीठात सुरू झालेल्या स्पर्धेतून वाढली. इंटरनॅशनल कॉलेजिएट प्रोग्रॅमिंग कॉन्टेस्ट हे तिचे नाव. संघात तिघे, वेळ पाच तास आणि तिघांत मिळून संगणक एकच. प्रश्न सुटला की संघाच्या मेजाशी एक रंगीत फुगा बांधतात. जो संघ अधिक प्रश्न सोडवील तो पुढे. प्रश्न सारखे सुटले, तर ज्यास कमी वेळ लागला तो पुढे. सुटलेल्या प्रश्नावर आधी चुकीचे उत्तर पाठविले असेल, तर त्या प्रत्येक चुकीपायी वीस मिनिटे वेळेत मिळविली जातात. म्हणून उतावळेपणा येथे महाग पडतो. याच धर्तीवर शाळकरी मुलांच्या संघांची स्पर्धा रशियात २००० सालापासून होत आली आहे.

वाचकहो, या नियमांतील एका गोष्टीकडे आम्ही आपले विशेष लक्ष वेधू इच्छितो. तिघांत एक संगणक ही आपण ज्यास गरिबी म्हणतो ती स्थिती. परंतु तेथे तोच मुद्दाम घातलेला नियम आहे! एक जण कळफलकावर बसला की उरलेले दोघे हाती पेन्सिल आणि कागद घेतात. खरा विचार त्या कागदावरच होतो.

हे विचार करणे कसे असते, हे आपल्याच बागेतील उदाहरणाने पाहू. समजा, पाच पेट्या आहेत: दोन तीस-तीस किलोच्या आणि तीन वीस-वीस किलोच्या. दोन बैलगाड्यांवर त्या शक्य तितक्या समान वजनाने लादावयाच्या आहेत. पहिला मुलगा म्हणतो, “जड पेटी आधी उचलावी आणि प्रत्येक वेळी हलक्या गाडीत टाकावी.” युक्ती सरळ व पटण्याजोगी आहे. परंतु दुसरी मुलगी कागदावर करून पाहते. दोन्ही गाड्यांत तीस-तीस झाले, मग पन्नास-पन्नास झाले आणि शेवटची पेटी टाकताच एकीकडे सत्तर व दुसरीकडे पन्नास उरले. वास्तविक दोन्ही जड पेट्या एका गाडीत व तिन्ही हलक्या दुसरीत घातल्या असत्या, तर साठ-साठ किलोची अचूक वाटणी झाली असती. ज्याची युक्ती चुकली त्यास राग न यावा आणि जिने चूक दाखविली तिने हिणवू नये, हा या खेळातील सर्वांत कठीण धडा होय.

“मग सगळ्या वाटण्या करून पाहू,” असे पहिला म्हणेल. पाच पेट्यांच्या वाटण्या सोळाच होतात. परंतु वीस पेट्यांच्या पाच लाखांहून अधिक होतात आणि चाळीस पेट्यांच्या सुमारे पंचावन्न हजार कोटी! येथे तिसरा सोबती वेगळी वाट सुचवितो. चाळीस पेट्यांचे एकूण वजन बाराशे किलो आहे आणि प्रत्येक पेटीचे वजन दहाच्या पटीत आहे, असे समजा. मग दहा, वीस, तीस असे करीत सहाशेपर्यंत साठ घरांची एक ओळ आखावी. एकेक पेटी घेऊन, तिच्या योगाने जे जे वजन जमू शकते त्या त्या घरात खूण करावी. प्रत्येक वेळी मोठ्या वजनाच्या घरापासून मागे यावे, नाहीतर एकच पेटी दोनदा मोजली जाईल. चाळीस पेट्या व साठ घरे, म्हणजे अवघे चोवीसशे वेळा पाहणे. अखेरीस सहाशेच्या घरात खूण असेल, तर समान वाटणी होऊ शकते. नसेल तर तिच्या आधीची सर्वांत मोठी खूण हेच उत्तमात उत्तम उत्तर. हा सारा विचार पाटीवरही करता येतो.

शाळकरी मुलांचे संगणकशास्त्राचे जागतिक ऑलिम्पियाड १९८९ साली बल्गेरियात सुरू झाले. त्यात प्रत्येक देशातून चौघांना पाठविता येते, मात्र प्रत्येकजण आपल्यापुरता लढतो. भारताचा संघ २००२ पासून त्यात उतरू लागला. त्याच्या निवडीच्या पहिल्या पायरीवर एक परीक्षा अशीही घेण्यात आली आहे, की जीत संगणकाला हातही लावावा लागत नाही. केवळ कागद आणि पेन्सिल पुरते.

भाषेची अडचण मात्र आम्ही नाकारीत नाही. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेत नागपूर पलीकडे गेले आणि सौंसर मध्य प्रदेशातच राहिले. येथील मुलाच्या घरात मराठी, शाळेत पुष्कळदा हिंदी आणि संगणकावर इंग्रजी. तथापि आज्ञावलीत लागणारे इंग्रजी शब्द थोडके असतात. जागतिक ऑलिम्पियाडमध्ये तर संघाबरोबर गेलेल्या शिक्षकांना प्रश्न मुलांच्या भाषेत उतरवून देण्याची मुभा असते. ज्या भाषेत विचार स्पष्ट होतो ती भाषा सोडण्याचे कारण नाही.

आपल्या शेजारच्या वऱ्हाडात, अकोला जिल्ह्यातील मुरंबा या खेड्यात १९४६ साली डॉ. विजय भटकर यांचा जन्म झाला. अभियांत्रिकीचे शिक्षण त्यांनी नागपुरात घेतले. अमेरिकेने भारतास महासंगणक देण्याचे नाकारल्यावर १९८८ साली पुण्यात सी-डॅक ही संस्था निघाली आणि त्यांच्या नेतृत्वाखाली १९९१ साली ‘परम ८०००’ हा महासंगणक सिद्ध झाला. त्याचे बळ एका अचाट यंत्रात नव्हते. अनेक लहान यंत्रांनी एकच काम आपसांत वाटून घ्यावे, हीच त्याची रचना होती.

म्हणून आईबापांस आमची विनंती आहे. आपले मूल कोपऱ्यात एकटे मोबाईल घेऊन बसत असेल, तर केवळ रागावून भागणार नाही. रविवारी दुपारी शेजारची आणखी दोन मुले बोलवावी. त्यांत एखादी मुलगी अवश्य असावी. एक कोडे, एक पाटी आणि दोन तास त्यांना द्यावे. शाळेत संगणक असेल, तर आठवड्यातून एक तास तिघांना मिळून द्यावा, अशी गुरुजींना विनंती करावी. या मुलांपैकी फार थोडी स्पर्धेत पुढे जातील आणि जागतिक स्पर्धेस तर साऱ्या देशातून चौघेच जातात, हे आम्ही जाणतो. परंतु आपली चूक दुसऱ्याने दाखविली असता ती हसत मान्य करणे आणि पुन्हा तिघांनी मिळून कागदावर वाकणे, हे ज्यास साधले त्याचे ते दोन तास वाया गेले, असे कोण म्हणेल?