वबर : उंटाच्या अंगावरची ऊब

चित्रकलेच्या तासाला ब्रशवरचे ‘कॅमल हेअर’ हे शब्द वाचून एका मुलीने विचारले, “टीचर, हे उंटाचे केस आहेत?” नाहीत. असे ब्रश बहुधा खारीच्या किंवा घोड्याच्या केसांचे असतात. मग उंटाच्या केसांचे होते काय?

अरबीत त्यांना स्वतंत्र शब्द आहे, ‘वबर’. मेंढीची लोकर ‘सूफ’, तर शेळीचे केस ‘शअर’. कुरआनच्या सूरह नहलमधील ८० व्या आयतीत अल्लाहच्या देणग्या सांगताना या तिन्हींचा उल्लेख येतो. तंबूत राहणाऱ्या बदूंना तर अरब ‘अहले वबर’, म्हणजे वबरवाले, म्हणत.

कापडासाठी उत्तम वबर मात्र मंगोलिया आणि उत्तर चीनमधील दोन वशिंडांच्या उंटापासून मिळतो. तिथल्या हिवाळ्यात पारा उणे ३० च्याही खाली उतरतो. त्या थंडीसाठी उंटाच्या अंगावर दोन थर असतात : वर लांब, राठ केस आणि खाली मऊ लव. लवेचा तंतू सुमारे २० मायक्रॉनचा, म्हणजे आपल्या केसापेक्षा कितीतरी बारीक. वसंतात हे केस पुंजक्यांनी आपोआप गळू लागतात. ते वेचून, विंचरून घेतात. जनावराला इजा होत नाही. पूर्वी काफिल्यातले उंटवाले चालता चालता त्याचे सूत कातत, मोजे विणत. लवेचे कोट आणि शाली होतात, राठ केसांचे दोर आणि सतरंज्या. मूळचा बदामी रंगच इतका सुरेख, की बरेचसे कापड न रंगवताच वापरतात.

आपल्याकडे राजस्थानात रायका, कच्छमध्ये रबारी आणि मुस्लिम फकिरानी जत उंट पाळतात. हा एका वशिंडाचा उंट. त्याचे केस कमी आणि जाडेभरडे. त्यांचे दोर, पिशव्या, जाजमे बनतात. पण ट्रक-ट्रॅक्टर आले आणि उंटाचे काम गेले. २०१२ च्या पशुगणनेत देशात सुमारे ४ लाख उंट होते. २०१९ मध्ये अडीच लाख उरले. केसांना आणि दुधाला रास्त भाव मिळाला, तर पाळणाऱ्याला उंट ठेवणे परवडेल.

म्हणून शाल किंवा कोट घेताना लेबल नीट वाचा. ‘कॅमल’ हे पुष्कळदा नुसते रंगाचे नाव असते. नावाला उंट आणि आत पॉलिएस्टर असेल, तर आपल्या पैशातला एक रुपयाही उंट राखणाऱ्याच्या घरी पोहोचत नाही.