मी येथील सेवक नव्हे
जर्मनीतील एर्लांगेन येथे सन 1755 पासून पेंटेकॉस्ट या ख्रिस्ती सणाच्या सुमारास भरत आलेल्या बेर्गकिर्शवाय नामक बियर-उत्सवात, सीमेन्स कंपनी किंवा विद्यापीठाच्या निमित्ताने तेथे वसलेल्या मराठी गृहस्थास केवळ वर्णावरून वा काळ्या सदऱ्यावरून सेवक समजून एखाद्या मद्यधुंद इसमाने उद्दामपणे फर्मान सोडलेच, तर 'इश आर्बाइटे हीर निश्त', म्हणजे मी येथे कामास नाही, एवढेच शांतपणे सांगून, बहुधा कमरेच्या बटव्यावरून ओळखू येणाऱ्या खऱ्या सेवकाकडे त्याने बोट दाखवावे. (त्या बिचाऱ्याशीही तो इसम असाच बोलत असणार, हे मला अधिक खटकते.) प्रकरण शिवीगाळीवर गेल्यास मालकास त्या गिऱ्हाइकाला बाहेर काढण्याचा अखत्यार आहे, शिवाय जर्मन दंडसंहितेच्या कलम 185 अन्वये अपमान हा गुन्हा असून त्याची फिर्याद 3 महिन्यांच्या आत गुदरावी लागते.