नळीवरील तारीख आणि नळीचें टोपण

वडील माणसांची काटकसर कधीं कधीं घरास महाग पडते, हें गेल्या वैशाखांत आम्हांस स्वतःच्या उदाहरणानें कळलें. साताऱ्यास आमच्या नातवाचा संगणक तापून वरचेवर बंद पडूं लागला. चार दिवसांत त्यास महाविद्यालयांत प्रबंध द्यावयाचा होता. आंतील धूळ झाडूनही गुण येईना. प्रोसेसरवरील लेप वाळला असावा, असें त्याचें मत पडलें. आमच्या कपाटांत त्या लेपाची, म्हणजे थर्मल पेस्टची, अर्धी नळी सहा वर्षें पडून होती. नवी आणूं पाहणाऱ्या नातवास आम्हीं थांबविलें. नळी दाबतांच आधीं तेल आलें, मागून कोरडे कण. तेंच लावविलें; संगणक पुन्हां बंद!

अखेर तो घेऊन सांगली गांठली. तेथें आमचे जांवई संगणकदुरुस्ती करतात. ते म्हणाले, "अण्णा, प्रोसेसर आणि त्यावरील धातूचा ठोकळा दिसावयास गुळगुळीत, पण मधल्या सूक्ष्म खांचांत हवा राहते. तांबें हवेच्या सुमारें १५,००० पट उष्णता वाहून नेतें. लेपाचें काम ती हवा हुसकण्याचें." सिलिकोन तेलांत झिंक ऑक्साइडसारखी बारीक पूड घोटून असा लेप करतात. तेल व पूड यांची फारकत झाली कीं त्याचा भरंवसा संपला.

त्यांनीं जुना लेप आयसोप्रोपिल अल्कोहोलनें पुसला आणि न फोडलेली नळी काढली. तिचीही मुदत वर्षापूर्वीं संपलेली! आम्ही चकित झालों. परंतु लेप लोण्यासारखा एकजीव निघाला. वाटाण्याएवढा लावतांच संगणक सुरळीत चालूं लागला.

सायंकाळीं हरिपुरास कृष्णा-वारणेच्या संगमावर गेलों असतां उलगडा झाला. येथील जमिनींतील पेवांत हळद वर्षानुवर्षें टिके, ती तोंड घट्ट बंद असे म्हणून. २००५ च्या महापुरांत पाणी शिरलें आणि अनेक पेवें निकामी झालीं. लेपाचेंही तसेंच. अनेक कारखानदार बंद नळीस २ ते ५ वर्षांची मुदत देतात. ती केवळ अंदाज होय. खरें आयुष्य टोपणावर आणि थंड जागेवर अवलंबून.

म्हणून वाचकांनीं नळी फोडल्याची तारीख तीवर लिहावी, टोपण घट्ट लावावें आणि वापरण्यापूर्वीं थोडा लेप कागदावर काढून पहावा. किंचित् तेल सुटलें असल्यास घोटून एकजीव होतो का पहावें. कण पडत असल्यास निःशंक टाकावा. यंत्रावर लावलेला लेपही तापण्या-निवण्यानें कांहीं वर्षांत कडेला सरकतो. धूळ काढूनही उष्णता वाढत राहिली, तर तो बदलावा.

प्रबंध वेळेवर पोंचला. आमची ती नळी मात्र नातवानें कपाटांत मुद्दाम ठेविली आहे; आम्हांस आठवण रहावी म्हणून!