गीतक्रमावली आणि लोकव्यवहार

एखादा शब्द कोशात सापडला नाही, एवढ्यावरून तो बोलण्यात नव्हता असे अनुमान भाषाभ्यासक करीत नाही. १९९० ते १९९९ या दशकातील अमेरिकन लोकप्रिय गीतांचे सिंहावलोकन करतानाही हाच विवेक बाळगावयास हवा.

'बिलबोर्ड' या साप्ताहिकाची 'हॉट १००' ही क्रमावली त्या काळाचे मुख्य प्रमाण मानली जाते. विक्री व रेडिओवरील प्रक्षेपण या दोहोंवर ती आधारलेली होती. तथापि जे गीत सुटे विक्रीस काढलेले नसे, त्यास तीत प्रवेश नसे. इकडे श्रोत्याने संपूर्ण संग्रहच विकत घ्यावा, या हेतूने ध्वनिमुद्रण कंपन्या कित्येक गाजलेली गीते सुटी काढीत नसत. परिणामी 'नो डाउट' या वाद्यवृंदाचे 'डोंट स्पीक' हे गीत १९९६-९७ मध्ये रेडिओ-प्रक्षेपणाच्या क्रमावलीत १६ आठवडे अग्रस्थानी राहिले. 'हॉट १००' मध्ये मात्र ते एकदाही आले नाही!

डिसेंबर १९९८ मध्ये हा नियम रद्द झाला. पूर्वीच्या नोंदी मात्र तशाच राहिल्या. सारांश, या यादीतील अनुपस्थिती हा पुष्कळदा विक्रीपद्धतीचा पुरावा होय, लोकाभिरुचीचा नव्हे. म्हणून यादी वाचण्यापूर्वी तिचा नियम वाचावा, हे उचित.